सुलेखाताईंचं रान

नोव्हाय, मिशिगन
२० मे २०२४

सुलेखाताई,

वर सा. न. वि. वि. लिहायचं असतं म्हणे. त्याचा अर्थ मला कधी कुणी सांगितला नाही, म्हणून मी लिहीत नाही. नमस्कार घ्या. चौथी शिकलेल्या बाईचं पत्र आहे, चुका काढत बसू नका. तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही आणि मला फोनवर टाइप करता येत नाही, मग राहिलं काय? कागदच.

आधी खुब्याचं सांगा. जोडलेलं हाड धरलं का? तुमचा लेक ईशान तुम्हाला कॅरीला घेऊन गेला ते बरंच केलं, इथे एकट्या कशा राहणार होतात. जाताना तुम्ही माझ्या हातात बागेच्या फाटकाची किल्ली दिलीत आणि म्हणालात, "हौसा, माझ्या प्लॉटकडे बघ." बघितलं. राग मानू नका, पण तो प्लॉट नाही. ते बेवारस रान आहे.

सिटीने आपल्याला तुकडे दिलेत ते भाजी लावायला. माझा बघा. मेथी ओळीत, कोथिंबीर ओळीत, वांग्याची रोपं परवा लावली, मधे एक काडी नाही. सहा वर्षं शेणखत आणि भाजीची सालं घालून घालून माती अशी केली आहे की हात घातला तर कोपरापर्यंत जातो. आणि मधल्या वाटेपलीकडे तुमचं. गुडघ्याएवढं गवत. मागच्या वर्षीच्या वाळक्या काड्या तशाच उभ्या. काल त्यातून एक ससा निघाला, माझ्या कोथिंबिरीकडे बघितलं आणि परत आत गेला. म्हणजे पत्ता पाहून गेला.

आमच्या नारायणगावला शेतात एवढं तण दिसलं असतं तर त्या घरात कुणी मुलगी दिली नसती.

मी खुरपं घेऊन दोन दिवसांत सगळं लख्ख करते. सुमेधा म्हणाली, "आई, आधी त्यांना विचारा." सून शिकलेली आहे, म्हणून ऐकते. पण लवकर कळवा. मला थांबता येत नाही.

हौसा


कॅरी, नॉर्थ कॅरोलायना
२९ मे २०२४

प्रिय हौसा,

सुमेधाला माझा आशीर्वाद सांग. तिने माझं रान वाचवलं.

खुरपं खाली ठेव. तुला ते बेवारस वाटतं, पण त्याला नऊ वर्षं लागली आहेत. पुढच्या भागात मी थोडे टोमॅटो लावते, पण मागचा कुंपणाकडचा भाग मी मुद्दाम सोडलाय. इथलीच रानफुलं आहेत ती. काही मी बी टाकून आणली, काही आपली आपण आली. त्या वाळक्या काड्या पोकळ असतात, त्यांच्या आत लहान माश्या हिवाळाभर झोपतात. गवताच्या जुन्या गाद्यांखाली भुंग्याची राणी घर करते. तुझ्या वांग्याच्या फुलाला भुंगा धरून गुणगुणतो ना, तेव्हा पराग खाली पडतो आणि वांगं धरतं. तो माझ्या गवतातून येतो, बाई. तू सहा वर्षं माझ्या भाडेकरूंकडून फुकट काम करून घेते आहेस.

म्हणून एकच कर: काही उपटू नकोस. ओळखू येत नसेल तर मुळीच नको. पाणीसुद्धा नको, फार ऊन पडलं तरच. हे रान एकदा गेलं तर परत उभं करायला माझ्याकडे वर्षं नाहीत, एवढं लक्षात ठेव.

पाय बरा होतोय. वॉकर घेऊन स्वयंपाकघरापर्यंत जाते. सशाला माझा नमस्कार सांग.

तुझी,
सुलेखाताई


नोव्हाय
१७ जून २०२४

सुलेखाताई,

तुमचा भुंगा बघितला. चांगला बोराएवढा, पाठीवर पिवळी लोकर. गवताच्या बुडाशी एक भोक आहे त्यात शिरला. मी वाट बघत उभी राहिले. थोड्या वेळाने निघाला तो सरळ माझ्या मिरचीवर. तेव्हा ते तुमचं खरं धरते. सशाला मी नमस्कार सांगितला नाही, त्याने माझी मेथी खाल्ली.

पण खरी बातमी वेगळी आहे. ताई, तुमच्याकडे रुई आहे आणि तुम्ही बोलला नाहीत!

मागच्या कुंपणाला कमरेएवढी झाडं आली आहेत. पान रुंद, जाड, खालून मऊ. सहज एक तोडलं तर चीक. पांढराशुभ्र! मी तिथेच मटकन बसले. म्हटलं, रुई, अमेरिकेत? फूल गुलाबी आहे, गुच्छात येतं, आपल्याकडच्यासारखं नाही, पण जात तीच. पाणी सुटलं डोळ्यांना. म्हणजे चिकाने नाही, असंच.

आठ वर्षं मी इथल्या मंदिरात जाते. मारुतीच्या गळ्यात प्लास्टिकची माळ. दर शनिवारी बघायचं आणि गप्प बसायचं. परवा शनिवारी मी पानं तोडली, सुईने ओवली आणि नेली. गुरुजी बघतच राहिले. "हौसाकाकू, कुठून पैदा केलीत?" मी म्हटलं, आमच्या सुलेखाताईंच्या शेतातून. बायका गोळा झाल्या. पुण्याच्या, नागपूरच्या, सगळ्या. एरवी माझ्याशी दोन शब्द बोलत नाहीत. साडेसाती चालू असलेल्या दोघी तर माझ्यामागे गाडीपर्यंत आल्या. "काकू, आम्हाला पण आणाल का?" मी म्हटलं, पुढच्या शनिवारी सगळ्यांना आणते, ढिगाने आहे.

तुम्ही उपटू नको म्हणालात. मी उपटत नाही, नुसती पानं आणि शेंडे तोडते. मूळ जागेवर आहे. काळजी नसावी. तुम्हालाही पुण्य लागेल, पायाला उपयोगी पडेल.

हौसा


कॅरी
२२ जून २०२४

हौसा,

तुझं पत्र आज दुपारी आलं. आज शनिवार आहे. म्हणजे मी हे लिहिते आहे तोपर्यंत तू तोडून मोकळी झाली असशील.

ईशानला लगेच सुमेधाला मेसेज करायला लावला. त्याला काही कळेना, म्हणाला, "आई, पानांवरून एवढं काय?" तुला ओरडायचं होतं ते मी त्याच्यावर ओरडून घेतलं, त्यामुळे आता शांतपणे लिहिते.

ती रुई नाही, पण रुईची नातलग आहे. इथे तिला मिल्कवीड म्हणतात. मोनार्क नावाचं एक केशरी फुलपाखरू आहे, ते फक्त याच झाडावर अंडी घालतं. पानाच्या खालच्या बाजूला, टाचणीच्या टोकाएवढं एकेक अंडं. अळी निघते ती दुसरं काही खात नाही. या पानावर नसेल तर उपाशी मरते. उन्हाळाअखेर जी फुलपाखरं निघतात, ती इथून उडत थेट मेक्सिकोला जातात. नखाएवढं वजनही नाही त्यांना. पूर्वी मिशिगनभर शेतांच्या बांधांवर हे झाड होतं. आता बांध साफ असतात, तुला आवडतात तसे.

तू मारुतीला वाहिलंस, दुसऱ्या कुणाला नाही, म्हणून फार बोलवत नाही. पण हौसा, तो कोपरा मी त्यांच्यासाठी राखला होता.

सुलेखा


नोव्हाय
३० जून २०२४

ताई,

तुम्ही पत्राखाली ‘तुझी’ लिहिलं नाहीत ते माझ्या लक्षात आलं. बरोबर आहे.

त्या शनिवारचं सांगते, सगळं सांगते. सकाळी दोन पिशव्या भरून तोडलं. ओरबाडलंच म्हणा. कुंपणाच्या अगदी कोपऱ्यातली चार-पाच झाडं काटेरी वेलीत होती, तिथे हात गेला नाही, तेवढी राहिली. संध्याकाळी मंदिरात बायकांना वाटलं. मारुतीला मोठी माळ, पार पायापर्यंत. आरती सुरू झाली, आणि मी बघते तर मारुतीच्या खांद्यावरून काहीतरी चाललंय. अळी. पिवळे-काळे-पांढरे पट्टे, जणू कुणी बसून रंगवली. आरामात चालली होती, देवाच्या छातीवरून.

गुरुजींनी पण बघितली. त्यांनी एका हाताने आरती धरली आणि दुसऱ्याने फडकं उचललं. मी ओरडले, "थांबा!" टाळ थांबले. घंटा वाजवणारा पण थांबला. मी पुढे गेले, बोट लावलं, ती बोटावर चढली. का थांबवलं मला ठाऊक नव्हतं. तुमचा मेसेज तर सुमेधाने बाहेर आल्यावर बघितला. पण लहानपणी रुईवर अशाच पट्ट्यांच्या अळ्या बघितल्या होत्या, आणि देवाच्या अंगावर आलेला जीव चिरडायचा म्हणजे काय? गुरुजी पुटपुटले, "काकू, आरती चालू आहे." मी म्हटलं, चालू द्या की, मी कुठे अडवलं.

प्रसादाचा डबा होता त्यात तिला ठेवली. मग सुमेधाने मेसेज वाचून दाखवला. ताई, मी पार्किंगमध्ये उभ्या उभ्या सगळ्या बायकांकडून पानं परत मागितली. साडेसातीवाल्या देईनात. एक म्हणाली, "काकू, दिलेलं दान परत मागतात का?" मी म्हटलं, दान तुमचं नाही, अळीचं आहे, आणा इकडे. एकेक पान उलटून बघितलं. अजून तीन सापडल्या. अंडी असलेली काही पानं मिळाली, काही नाही मिळाली. सगळं घेऊन बागेत गेलो आणि कोपऱ्यातल्या त्या उरलेल्या झाडांवर ठेवलं. सुमेधा साडी वर खोचून काट्यांत शिरली. मी तिला आजवर फटकळ म्हणत आले, पण पोर कामाची आहे.

आता मंदिरातल्या बायका परत माझ्याशी बोलत नाहीत. चालतंय.

पण दुसरं एक झालं. डोना तुम्हाला माहीत आहे, बागेच्या कमिटीची. तिने तुमच्या प्लॉटला लाल झेंडी लावली. ‘उंच वाढलेलं तण, वापरात नाही. दोन आठवड्यांत साफ झालं नाही तर कमिटी यंत्र फिरवणार आणि प्लॉट काढून घेणार.’ सुमेधाने वाचून सांगितलं. महिन्यापूर्वी मी म्हटलं असतं, डोना शहाणी बाई आहे. आता काय करू ते सांगा. लवकर.

हौसा


कॅरी
६ जुलै २०२४

प्रिय हौसा,

आरती चालू असताना देवाच्या अंगावरची अळी उचलणारी बाई माझ्या ओळखीची आहे, हे मी इथे सगळ्यांना सांगितलं. ईशानसुद्धा हसला.

आता ऐक. डोना वाईट नाही. तिला रोज कुणीतरी तक्रार करतं. नऊ वर्षं मी तिला दरवर्षी पटवत आले, या वर्षी मी नाही आणि तिला वाटलं, प्लॉट टाकून दिला. लोकांना रानाची भीती नसते, हौसा. बेवारस दिसण्याची असते. म्हणून रानाला कड दे. वाटेच्या बाजूचं गवत हातभर रुंदीने बुडापासून काप, सरळ रेषेत, दोरी लावून. कडेला दगड लाव, किंवा काही ओळीत लाव. लोकांना दिसलं पाहिजे की आतलं कुणीतरी ठरवून ठेवलंय. तेवढ्याने काम होतं. तुला सरळ रेषेबद्दल मी काय शिकवणार!

आणि मिल्कवीडचं मन लावून घेऊ नकोस. मुळं खोल असतात. छाटलेल्या बुंध्यांना पाणी घाल आणि वाट बघ. तुला जमत नाही ते, पण बघ.

माझी हातगाडी शेडमध्ये आहे ती तूच वापर. कुदळ आणि रबरी बूटही. मला सध्या त्याचं काम नाही.

तुझी,
सुलेखाताई


नोव्हाय
१२ ऑगस्ट २०२४

सुलेखाताई,

बरेच दिवस पत्र नाही लिहिलं कारण वेळ नव्हता, मी बघत होते. काय बघत होते ते सांगते.

कड दिली. दोरी लावून. इतकी सरळ की परीक्षित म्हणाला, "आई, आमच्या फॅक्टरीत अशी लाइन मारत नाहीत." कडेला झेंडू लावला, माझ्याच रोपांतला, दाट. मग आतलं गवत कमरेएवढं झालं तरी ते झेंडूमागे असं दिसतं जसं लग्नात मंडपामागे झाडी. डोना आली. मी सुमेधाला म्हटलं, तू बोलू नकोस, मी बोलते. मी डोनाचा हात धरला, आत नेलं, पान उलटलं आणि म्हटलं, "लुक." एवढंच. दुसरा शब्द मला येत नाही. अळी पान खात होती, करकर आवाज येईल असं वाटावं इतकी खात होती. डोना गुडघे टेकून बसली. तिच्या पॅंटला चिखल लागला, तिला भान नव्हतं. जाताना झेंडी स्वतः उपटून घेऊन गेली.

आणि रुई, म्हणजे तुमचं ते मिल्कवीड, छाटलं होतं तिथून फुटलं. एका बुंध्याला दोन दोन धुमारे. कोवळी, पोपटी पानं. फुलपाखरं जुनी जाड पानं सोडून या कोवळ्यांवर येतात. मी उभी राहून बघितलं, शेपूट वाकवून एकेक अंडं चिकटवत जातात, जसं कुळीथ पेरावं. माझ्या चुकीतून निघालं ते, पण निघालं.

मारुतीच्या खांद्यावरची जी होती, तिला मी ओळखते. म्हणजे मला वाटतं तीच. ती उलटी लटकली, इंग्रजी ‘जे’ अक्षरासारखी, मग कातडं सोडून हिरवा दागिना झाली. खरंच दागिना. हिरव्या मण्यावर सोन्याचे ठिपके. ताई, ते सोनं कुठून आणते ती? पानात सोनं नाही, चिकात सोनं नाही. सोनार सुद्धा इतकं बारीक काम करणार नाही आणि केलं तर असं झुडपात टांगून ठेवणार नाही. मग एक दिवस तो मणी काळा पडला. मला वाटलं मेली, रडायला आलं. दुसऱ्या दिवशी सकाळी काचेसारखा, आत केशरी पंख घडी घातलेले. सुमेधाला ऑफिसची मीटिंग होती ती तिने कॅन्सल केली. आम्ही दोघी तिथे बसलो. बाहेर आलं तेव्हा ओलं फडकं होतं नुसतं. मग पंख भरत गेले, भरत गेले. उडालं ते माझ्या डोक्यावरून गेलं. मी आयुष्यभर तण काढलं, ताई. एवढ्या वर्षांत कधी थांबून बघितलं नाही की तण म्हणून काय काढते आहे.

आणखी पण आहे तुमच्याकडे. जांभळ्या फुलांच्या वाळलेल्या बोंडांवर पिवळ्या चिमण्या येतात, उलट्या लटकून बी खातात. पट्ट्यांचा एक बारीक साप आहे, गोगलगाई खातो, त्यामुळे या वर्षी माझा कोबी वाचला. एक बेडूक दगडाखाली राहतो, लठ्ठ, शेठजीसारखा. आणि वांगी इतकी आली आहेत की शेजाऱ्यांनी मला बघून दार उघडायचं बंद केलंय. इतकी माणसं एका घरात ठेवून तुम्ही आजवर एका शब्दाने बोलला नाहीत. मी शेजारी सहा वर्षं खुरपत होते आणि म्हणत होते, काय आळशी बाई आहे. तुमच्यासारखं काम मला जमलं नसतं. काही न करण्याचं काम. त्याला फार दम लागतो.

आता दुसरं. काल डोना सुमेधाला म्हणाली, "सुलेखाचं घर विकलं ना, वाईट वाटलं." सुमेधाने मला आपणहून सांगितलं नाही. मी विचारलं तेव्हा बोलली. जूनमध्येच विकलंय. आणि सिटीबाहेर राहायला गेलेल्याला प्लॉट मिळत नाही. ऑक्टोबरमध्ये बाग बंद झाली की तो वेटिंग लिस्टवरच्या पहिल्या माणसाला जाणार. देताना कमिटी सगळं नांगरून सपाट करून देते.

हातगाडी वापर, कुदळ वापर. मी मूर्ख, मला वाटलं ताई दिवाळीला येतात.

का नाही सांगितलंत? मला रडणारं पत्र नको, कारण पाहिजे.

हौसा


कॅरी
२१ ऑगस्ट २०२४

प्रिय हौसा,

कारण देते.

खुबा जुळला नाही नीट. दुसरं ऑपरेशन जूनमध्ये झालं. तेव्हापासून मी व्हीलचेअरवर आहे आणि डॉक्टर म्हणतात तशीच राहीन. स्वयंपाकघरापर्यंत वॉकरने जाते हे मी लिहिलं तेव्हा खरं होतं, नंतर खोटं झालं आणि मी ते दुरुस्त केलं नाही. घर ईशानने विकलं ते मला विचारून. नोव्हायच्या घराला आठ पायऱ्या आहेत.

तुला सांगितलं नाही कारण तू माझ्याशी भांडत होतीस. इथे सगळे माझ्याशी हळू बोलतात. उशी नीट करतात. सून गोड आहे, नातू ‘आर यू ओके आजी’ म्हणतात. तुझं पत्र यायचं आणि त्यात तू मला बेवारस रान करणारी, आळशी, काय वाटेल ते म्हणायचीस. मी अजून तिथे आहे असं वाटायचं. तुला कळलं असतं तर तूही उशी नीट करायला लागली असतीस.

ईशानचे बाबा, मोरेश्वर, गेले त्या वर्षी मी प्लॉटवर पाऊलच टाकलं नव्हतं. पुढच्या मे महिन्यात कुदळ घेऊन गेले ती सगळं खणून नव्याने भाजी लावायची म्हणून. तर तिथे इतकं उगवलेलं, इतकं राहायला आलेलं. मी न बघता. मला वाटलं, मी उठले नाही तरी जग थांबलेलं नाही, आणि त्या दिवशी मला त्याचा राग आला नाही, आधार वाटला. म्हणून मी ते ठेवलं. यापलीकडे त्यात माझं काही कर्तृत्व नाही.

आता जाऊ दे. नियम आहे, डोना काही करू शकत नाही, तिला त्रास देऊ नकोस. या वर्षीची फुलपाखरं निघून गेली असतील तोपर्यंत. नांगर फिरेल तेव्हा तू जाऊ नकोस बघायला. एकच मागते. सप्टेंबरअखेर मिल्कवीडच्या शेंगा पिकतील, उकलायच्या आधी दोन तोडून बी पाठव. ईशानच्या गॅलरीत कुंडी आहे.

तू लिहिलेलं ते सोन्याच्या ठिपक्यांचं मी पुन्हा पुन्हा वाचते. नऊ वर्षं बघून मला असं लिहिता आलं नसतं.

तुझी,
सुलेखाताई


नोव्हाय
६ ऑक्टोबर २०२४

सुलेखाताई,

उशी नीट करणार नाही, त्यामुळे सरळ लिहिते.

तुमचं पत्र आलं त्या दिवशी मी भांडी घासली, सगळी, स्वच्छ होती ती पण. मग दुसऱ्या दिवशी डोनाकडे गेले. तुम्ही नको म्हणालात, तरी गेले. सुमेधाला पुढे घातलं. डोनाचा नियम आहे: एका घराला एकच प्लॉट. दोन मिळणार नाहीत. परीक्षितच्या नावाने मागून बघितला, घर तेच आहे म्हणाली. खोटा पत्ता लावा असं मी म्हटलं ते सुमेधाने तिला सांगितलंच नाही.

मग मी विचारलं, बदलून मिळेल का? माझा घ्या, तो द्या.

डोनाला वाटलं सुमेधाने चुकीचं सांगितलं. तिने परत विचारलं. "तुमचा? तो तर बागेतला सगळ्यात चांगला आहे. लिस्टवरचे लोक तोच मागतात." मी म्हटलं, "येस. टेक." तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मी वैतागले. मराठीतच बोलले, माझी माती आहे, मला द्यायची तर देते, तुझं काय जातंय? सुमेधाने त्याचं इंग्लिश काय केलं ठाऊक नाही, पण डोनाने मान डोलावली आणि कागदावर सही मागितली. मी केली. तुमच्या प्लॉटवर नांगर फिरणार नाही. ज्याच्या नावावर आहे त्याने ठेवायचं ठरवलं आणि कड राखली तर कमिटी हात लावत नाही. आता माझ्या नावावर आहे.

परीक्षित घरी येऊन म्हणाला, "आई, सहा वर्षांची माती!" मी म्हटलं, नऊ वर्षांचं रान.

माझा प्लॉट एका तरुण जोडप्याला मिळाला. प्रसन्न आणि प्रीता, नुकतेच हर्नडनहून आलेत, त्याला इथल्या गाडीवाल्या कंपनीत नोकरी लागली. मी त्यांना बोलावून माती दाखवली. हात घालायला लावला. तो कोपरापर्यंत गेला तेव्हा पोरगी म्हणाली, "काकू, ही तुम्ही का सोडताय?" मला थोडं जड गेलं, खोटं कशाला बोलू. मी तिला तुमच्याकडे नेलं. जांभळी आणि पिवळी फुलं फुलली आहेत, सगळीकडे भुंगे, आणि उशिराचं एक मोनार्क त्यावर बसून पीत होतं, मेक्सिकोला निघायच्या आधी. ती बघत राहिली. मग म्हणाली, "ओके, समजलं." हुशार आहे.

आता हा प्लॉट माझा आहे, म्हणून काही गोष्टी माझ्या मनाने करणार. पुढे वांग्याची एक ओळ असणारच, त्यात तुम्ही बोलायचं नाही. मागचं सगळं तुमच्यासारखं. काड्या उभ्या ठेवल्या आहेत, पानं झाडली नाहीत, बेडकाचा दगड हलवला नाही. खुरपं घरी ठेवून येते, नाहीतर हात आपोआप चालतो.

बी पाठवत नाही. शेंगा पिकल्या, कापसासारखं आत भरलंय, मी ते इथेच पेरते आहे. कॅरीच्या गॅलरीत कुंडीत ती रुई रडेल आणि तुम्ही तिच्याकडे बघून रडाल. तुम्हाला हवी असेल तर इकडे येऊन बघा. मे महिन्यात बाग उघडते. ईशानशी सुमेधा बोलली आहे, तो विमानात बसवून देणार, आम्ही एअरपोर्टवर येणार, राहायचं माझ्याकडे. आमच्या दाराला पायरी एकच आहे, तिला परीक्षितने फळी ठोकली.

आणि प्लॉटमध्ये मी फाटकापासून मागच्या कुंपणापर्यंत वाट केली आहे, लाकडाचा भुसा दाबून, व्हीलचेअर जाईल एवढी. मंदिरातली व्हीलचेअर मागून आणून, सुमेधाला तिच्यात बसवून ढकलून बघितली. गुरुजींनी विचारलं कशाला, मी सांगितलं, तर त्यांनी ती स्वतः गाडीत ठेवून दिली. मधे वळायला जागा लागते म्हणून मिल्कवीडचा एक पट्टा काढावा लागला. मुळासकट काढला, तुम्हाला न विचारता.

राग आला असेल तर इथे येऊन भांडा.

हौसा